छत्तीस जीबी शांतता

तीर्थरूप मामा यांना,

वाकून नमस्कार.

‘लॅपटॉप कसा आहे?’ हा प्रश्न तुम्ही दर रविवारी फोनवर विचारता आणि मी दर रविवारी ‘छान आहे’ म्हणते. मामा, खरं सांगते, या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. तो चालू होतो, पडदा उजळतो, बोटं चालवली की अक्षरं उमटतात. त्या अर्थाने तो छान आहे. पण आतून त्याला काय होतंय हे मला कळत नाही आणि तोही सांगत नाही. येत्या रविवारी तुम्ही विचाराल तेव्हाही मी ‘छान आहे’च म्हणणार, कारण तुमचा फोन नेहमी स्पीकरवर असतो आणि मागे आई शिलाई मशीन थांबवून ऐकत असते. म्हणून हे पत्र.

तुमची तब्येत कशी आहे? वजनकाट्यावरच्या तुमच्या केबिनला काच बसली का, की अजून ट्रकांची धूळ चहात पडते? बाबांचा गुडघा काय म्हणतो? आईने चष्म्याचा नंबर तपासला का? माझी तब्येत उत्तम आहे. मी वेळेवर जेवते. (आईने विचारलं तर एवढं वाक्य तिला दाखवा. बाकीचं पत्र दाखवू नका.)

पत्र हाताने लिहिलेलं पाहून तुम्हाला वाटेल, एवढा लॅपटॉप घेऊन दिला आणि ही पोरगी अजून पेनच घासते आहे. आधी लॅपटॉपवरच लिहायला बसले होते. नमस्कार झाला, तुमच्या तब्येतीची चौकशी झाली, आणि साठवायला गेले तर त्याने कळवलं की जागा नाही. साध्या नमस्काराला जागा नाही! त्यावरून त्याच्या आतल्या परिस्थितीची कल्पना यावी.

तुम्ही तो घेतलात त्या दिवसाची मला नेहमी आठवण येते. दुकानदार म्हणाला होता, यात जुन्यासारखी फिरणारी तबकडी नाही, नवी एसएसडी आहे, आत काहीच हलत नाही, वीज आहे वीज. तुम्ही ट्रकवाल्याला विचारता तसं त्याला विचारलंत, माल किती बसतो? तो म्हणाला, एकशे अठ्ठावीस. कशाचे एकशे अठ्ठावीस ते तुम्ही विचारलं नाहीत, मीही नाही, पण आकडा आपल्या दोघांनाही भरपूर वाटला. घरी आल्यावर लॅपटॉपने स्वतः एकशे एकोणीसच दाखवले, तेव्हा तुम्ही तडक परत जाऊन त्याला नऊ जीबी काट्यात मारल्याबद्दल सुनावलंत. मामा, त्या माणसाने काही मारलं नव्हतं. बनवणारे एका हिशेबाने मोजतात आणि लॅपटॉप दुसऱ्या, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. ‘वजन हे वजन असतं, ग्रॅज्युएट,’ एवढंच तुम्ही म्हणालात. तुम्ही अजूनही त्याच्या दुकानावरून जाताना तोंड फिरवता असं बाबा सांगतात. कृपा करून त्या बिचाऱ्याला एकदा हसून दाखवा.

आता माझ्या कामाबद्दल. तुम्ही लोकांना ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ असं सांगता, ते ऐकायला बरं वाटतं, पण मी खरं तर कानांनी काम करते. ज्या मुलांना दिसत नाही त्यांच्यासाठी आमची संस्था शाळेची पुस्तकं आवाजात भरून घेते. वाचणारी माणसं येऊन वाचतात, मी पुस्तक समोर धरून ऐकते, चुका पकडते, खोकला कापते, जांभई कापते. (जांभई ऐकू येते, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.) हे काम मला मनापासून आवडतं. विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशाचा धडा आहे, त्यात पानोपानी ‘आकृती पाहा’ लिहिलेलं. ज्याला दिसत नाही त्याने आकृती कशी पाहायची? म्हणून मी प्रत्येक आकृती शब्दांत लिहून काढली. भिंग म्हणजे दोन तळहात जोडून मध्ये थोडी हवा ठेवली की होतो तसा आकार, असं. आमच्या ताई, म्हणजे संस्थेच्या प्रमुख, ते वाचून म्हणाल्या, ‘हे राहू दे.’ त्या एवढंच बोलतात. मला ते दोन दिवस पुरलं.

तर दिवसभर माझ्या कानात कुणी ना कुणी बोलत असतं. फक्त ते माझ्याशी बोलत नसतं. ऑफिसात आम्ही तिघं: ताई, मी आणि यंत्रं सांभाळणारा एक दादा, ज्याला मी मनात रिस्टार्ट दादा म्हणते, कारण कुठल्याही तक्रारीवर तो आधी तेवढंच म्हणतो. तिघांच्याही कानांवर हेडफोन. काही हवं असेल तर हात हलवायचा. परवा दुपारी मी सहज म्हटलं, ‘आज ऊन छान पडलंय.’ ताईंनी हेडफोन काढला आणि काळजीने विचारलं, ‘काही अडचण आहे का?’ मी म्हटलं, नाही. त्यांनी तो परत घातला. खोलीवर आल्यावर तर बोलण्याचा प्रश्नच नाही. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे, आणि खाली पाण्याचा पंप आहे, तो अधूनमधून गुरगुरतो. मी त्याच्याशी बोलत नाही, याची खात्री बाळगा. (एकदाच बोलले. तो बंद पडला होता तेव्हा.)

लॅपटॉप भरायला लागला तेव्हा रिस्टार्ट दादाने मला बसवून समजावलं. छोटी डिस्क म्हणजे कामाचं टेबल, गोदाम नव्हे. तिच्यावर फक्त हातातलं काम ठेवायचं. संपलेलं काम ऑफिसच्या कपाटात मोठी डिस्क आहे, तिच्यावर टाकायचं. ती हळू चालते पण पोट मोठं. आणि छोटी डिस्क कधीही काठोकाठ भरायची नाही, कारण तिला आतल्या आत सामान इकडचं तिकडे करायला मोकळी जागा लागते, नाहीतर ती मंदावते. ‘अहो, घरात पाऊल टाकायला जागा ठेवाल की नाही?’ असं तो म्हणाला. मी वहीत लिहून घेतलं आणि मला आपला माळा आठवला. ज्या घरात फुटक्या बादलीचं हँडलसुद्धा ‘असू दे, लागेल’ म्हणून जपतात, त्या घरची मी.

पण मी मन घट्ट करून साफसफाईला लागले. पहिला शोध असा लागला, की मी महिनोन्‌महिने जे पुसत होते ते पुसलं जातच नव्हतं, कचऱ्याच्या डब्यात जाऊन बसत होतं, आणि डबा त्याच घरात. तो रिकामा केला. मग उतरवलेल्या कागदांचा फोल्डर उघडला, तर त्यात माझं नेमणुकीचं पत्र कितीतरी वेळा. त्याचं असं आहे मामा, कधीकधी ते वाचावंसं वाटतं, आणि दर वेळी मी ते मेलमधून नव्याने उतरवत होते. एक ठेवलं, बाकी काढली. मग एका ठिकाणी कळलं की लॅपटॉप स्वतःच्या झोपेसाठी भली मोठी जागा अडवून ठेवतो. मला राग आला. इथे मुलांची पुस्तकं मावत नाहीत आणि याला झोपायला प्रशस्त खोली! मी ती सोय बंद केली. दुसऱ्याच दिवशी चार्जर ऑफिसात विसरला, लॅपटॉप मिटून ठेवला होता, बॅटरी संपली, आणि माझ्या न साठवलेल्या अर्ध्या आकृत्या तो विसरून गेला. ती जागा त्यासाठीच होती म्हणे: वीज जायच्या आत हातातलं सगळं नीट लिहून ठेवून मग झोपायचं. मी त्याची माफी मागितली आणि खोली परत दिली.

एवढं करूनही एक वस्तू शिल्लक राहते, जिला मी हात लावलेला नाही. छत्तीस जीबीची. ती तुम्हीच पाठवलेली आहे.

आमच्या कामात शांतता रेकॉर्ड करतात, हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. खोकला कापला की तिथे भोक पडतं, आणि त्या भोकात काहीच भरलं नाही तर ऐकणाऱ्याचा कान अडखळतो, पायरी चुकल्यासारखा. म्हणून रिकाम्या खोलीचा आवाज घेऊन ठेवायचा आणि त्याची ठिगळं लावायची. (आईला ही गोष्ट लगेच कळेल; आतून त्याच कापडाचं ठिगळ.) प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, हे ऐकल्यावर मला आपलं घर आठवलं, आणि मी तुम्हाला म्हटलं, घराचा आवाज भरून पाठवा, घर असतं तसं असू दे, कुणी मुद्दाम बोलू नका, ऑफिसला हवं आहे. यातलं ऑफिसचं काही खरं नव्हतं. मला आईचं मशीन हवं होतं, ठिबकणारा नळ हवा होता, बातम्या लागल्यावर तुमचं आणि बाबांचं जे जुंपतं ते हवं होतं. पण घरातली पहिली पदवीधर, परगावी नोकरीला गेलेली, तिने स्पीकरवर ‘मला तुमचे आवाज हवेत’ असं कसं म्हणायचं, हे कुठल्या वर्षाला शिकवतात मला माहीत नाही.

आणि तुम्ही काय केलंत? ऑफिसचं काम म्हटल्यावर तुम्ही फोटो स्टुडिओवाल्याचा मोठा कॅमेरा मागून आणलात, त्याला सगळ्यात भारी दर्जावर लावायला सांगितलंत आणि तो फळीवर ठेवलात. बाबांनी घड्याळातला सेल काढला. आईने ठिबकणाऱ्या नळाला चिंधी बांधली आणि मशीनवर कव्हर घातलं. एवढं करूनही आपल्यापैकी कुणाला शिंक येईल या भीतीने तुम्ही तिघं घराला कुलूप लावून बाहेर पायरीवर जाऊन बसलात. (आपल्या घरातली तीन माणसं एकमेकांशेजारी न बोलता बसली, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.) कुरियरने कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड आलं, सोबत तुमची चिठ्ठी: ‘ऑफिसला नमस्कार सांग. कमी पडल्यास कळव.’ कार्ड स्टुडिओवाल्याचं, म्हणून मी सगळं लॅपटॉपवर उतरवून ते परत पाठवलं.

मी जेवणाचं ताट घेऊन बसले आणि ते लावलं. स्वच्छ चित्र. झाकलेलं मशीन, त्यावर आईचा चष्मा, बाबांची खुर्ची, खुंटीवर तुमची छत्री. मी वाट पाहत राहिले, कुणीतरी येईल म्हणून. एकदा पडदा हलला. जेवण संपलं, कुणी आलं नाही. तेव्हापासून जेवताना मी ते लावते. शेवटपर्यंत कधी पाहिलेलं नाही, रिकामं घर पुढेही रिकामंच असणार. पण समोर ते असलं की ताटातलं संपतं.

रिस्टार्ट दादाने एवढी जागा कशाने खाल्ली हे शोधताना ते उघडलं. ‘चोरीबिरी झाली होती का इथे?’ मी म्हटलं, आमचं घर आहे. तो बराच वेळ माझ्या शेजारी उभा राहून पाहत राहिला. मग म्हणाला, ‘कुणी येत नाही अजून?’ मी म्हटलं, येणार नाहीत, ते बाहेर बसलेत. त्यावर पहिल्यांदाच तो रिस्टार्ट करा असं म्हणाला नाही. म्हणाला, ‘काढून टाका, नाहीतर लहान करून घ्या.’ मी लहान करायला गेले, तर लहान प्रत तयार करायलाही आधी जागा लागते.

आता खरी अडचण. प्रकाशाचा धडा आम्ही एका निवृत्त बस कंडक्टर काकांकडून वाचून घेतो. आवाज असा, की बसच्या शेवटच्या सीटवर झोपलेला माणूसही जागा होईल. फक्त दोन सवयी गेल्या नाहीत. प्रत्येक परिच्छेद संपला की उतरणाऱ्यांसाठी थांबतात, आणि थांबले की खिशातला जुना तिकीट पंच टकटक वाजवतात. ती टकटक कापून तिथे शांतता भरायची तर ऑफिसच्या शांततेत रस्ता शिरतो. आणि काकांच्या घरची घ्यावी तर तिथे नातवंडं आहेत. ते असो. परवा काकांनी माझ्या लॅपटॉपवर अख्खा धडा वाचला, घाम पुसत पुस्तक मिटलं, आणि मी पाहिलं तर डिस्क मध्येच भरली होती आणि निम्माच धडा आत गेला होता. मी काकांना तसं सांगितलं. काका म्हणाले, ‘म्हणजे निम्मे प्रवासी स्टॉपवरच राहिले म्हणायचे. आणू त्यांना. शुक्रवारी दुसरी फेरी.’

शुक्रवारी धडा पुरा झाला नाही तर शाळा उघडताना मुलांच्या हाती प्रकाश सोडून बाकीचं पुस्तक पडेल. ताई म्हणाल्या, ती घरची फाइल ऑफिसच्या मोठ्या डिस्कवर टाक, कुणी काही म्हणणार नाही. पण मामा, त्या डिस्कवर ‘येथे खाजगी काहीही ठेवू नये’ असा कागद चिकटवलेला आहे. दोनदा अधोरेखित. तो मी चिकटवलेला आहे, नोकरी लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात, कुणीही सांगितलेलं नसताना. आता तो मीच कुठल्या तोंडाने काढू?

एका बाजूला मुलांचा धडा, दुसऱ्या बाजूला आपलं घर, आणि दोन्ही एका टेबलावर मावत नाहीत. आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांचा माल तोलत आलात. कुठलं ठेवू आणि कुठलं उतरवू ते तुम्हीच ठरवा आणि कळवा. तुम्ही म्हणाल तसं करीन.

बाबांना नमस्कार, आईला नमस्कार. माझी काळजी नसावी. इथे माणसं चांगली आहेत आणि मला एकटं मुळीच वाटत नाही.

तुमची,
ग्रॅज्युएट

ता. क. आई चार्जरसाठी कापडी पिशवी शिवते आहे म्हणाली होती. पट्टा लांब ठेवायला सांगा, म्हणजे खांद्याला अडकवता येईल आणि पुन्हा कुठे विसरणार नाही.

ता. क. दुसरा. हे पत्र टाकायचं राहिलं, पर्समध्येच होतं, आणि शुक्रवार उजाडला. काका यायच्या आधी त्यांच्या निम्म्या धड्यातली टकटक काढायला बसले. शांतता कुठून आणायची या विचारात होते आणि डोक्यात प्रकाश पडला. (धडाच तो.) घड्याळ बंद, नळ बांधलेला, दाराला कुलूप: इतकी निर्मळ शांतता आमच्या ऑफिसला आजवर कुणी दिलेली नाही. एक तुकडा कापून लावून पाहिला, जोड कुठे आहे ते कळेना. ताईंनी ऐकला आणि विचारलं, ही कुठली खोली? मी सांगितलं. ‘हे राहू दे,’ म्हणाल्या. तेव्हा आता मुलं प्रकाशाचा धडा ऐकतील आणि काका श्वास घ्यायला थांबतील, तिथे तिथे आपलं घर असेल. ऑफिसला हवं आहे असं मी म्हटलं होतं, ते शेवटी खरं झालं.

ता. क. तिसरा, आणि हा फक्त तुमच्यासाठी. आणखी एक चांगला तुकडा मिळतो का पाहायला मी फाइल पार शेवटाला नेली. तिथे कुलूप काढल्याचा आवाज आहे. कॅमेरा बंद करायला तुम्ही आत आलात, पण चित्रात येण्याआधी दारातच थांबलात. आई म्हणते आहे, ‘एवढी पुरेल का तिला?’ बाबा म्हणतात, ‘कमी पडली तर पुन्हा बसू बाहेर, त्यात काय!’ त्यावर आई, ‘हळू बोला, तिच्या कामात आवाज जाईल.’ आणि तुम्ही, सगळ्यांत मोठ्याने, ‘गप्प बसा दोघं! ऑफिसचं आहे ते!’ मग फाइल संपते.

मी ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. रिस्टार्ट दादाने हात हलवून विचारलं काय झालं, मी हात हलवून सांगितलं काही नाही.

तेव्हा एक करा. येत्या रविवारी तुमचा स्वतःचा फोन रेकॉर्डिंगला लावून फळीवर डब्यांमागे ठेवा आणि विसरून जा. साधा आवाज, चित्र नको. कुणाला सांगू नका, आईला तर मुळीच नाही. नळ सोडा, घड्याळात सेल घाला, बातम्या लावा आणि बाबांना काहीतरी टोचून बोला. आणि फोन केलात की एकदा लॅपटॉपऐवजी मी कशी आहे ते विचारा. उत्तर मला लगेच येईलच असं नाही, पण विचारा.

फाइलचं काय करावं ते आता कळवायची गरज नाही. शांततेचा तुकडा धड्यात गेला, तुमच्या तिघांचं बोलणं अगदी लहानशी फाइल करून ठेवलं, आणि उरलेलं रिकामं घर काका जिना चढत होते तेव्हाच पुसून टाकलं. कचऱ्याचा डबाही लगेच रिकामा केला.